गावच्या घरून नोकरी: राजापूरला यावं की नाही?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पुण्यात आयटी कंपनीत बारा वर्षं झाली, कंपनीने पूर्णवेळ घरून काम करायला परवानगी दिली आहे. राजापूर तालुक्यात वडिलोपार्जित घर आहे, आईवडील तिथे दोघंच असतात. पत्नी अकाउंट्सचं काम करते, तेही घरूनच. मुलगी यंदा पहिलीला. सगळे सांगतात की गावात नेट आलंय, आता काय अडचण? तर यावं का, आणि फायदे-तोटे काय?

माझं उत्तर: या, पण मे महिन्यात चार दिवस राहून ठरवू नका, आणि नेटवाल्याला फोन करण्याआधी घरातल्या माणसांशी बसून बोला. मी गुहागर तालुक्यातल्या माझ्या गावातून काम करतो, लॉकडाउनच्या आधीपासून. विमा दाव्यांची कागदपत्रं तपासणारी टीम सांभाळतो आणि त्यातली बहुतेक माणसं रत्नागिरी-सिंधुदुर्गात आपापल्या घरी बसून काम करतात. कोणाचं बस्तान नीट बसलं आणि कोण वर्षभरात परत ठाण्या-डोंबिवलीला गेलं, हे जवळून पाहिलंय. परत गेलेल्यांत नेटमुळे गेलेले थोडे. बहुतेकांचं दुखणं दुहेरी होतं. ऑफिसला ते दिसेनासे झाले, आणि घराला ते दिवसभर समोर दिसत राहिले.

नेट आणि लाईट आधी उरकतो, कारण ते बरंचसं पैशाने सुटतं.

आपली जुनी घरं चिऱ्याची, भिंती फूट-दीड फूट जाड. फायबरवाला ओटीवर, वायर आत येते तिथेच राउटर ठोकून जातो, ओटीवर स्पीड दाखवतो आणि निघतो. तुम्ही माजघराच्या मागच्या खोलीत बसलात की दोन भिंती मध्ये येतात आणि कॉल तुटायला लागतो. मग माणूस कंपनीला शिव्या देतो. खरं तर भिंतीच्या माथ्यावरून, वाशांच्या कडेने लॅनची वायर मागच्या खोलीपर्यंत ओढायची आणि तिथे दुसरा छोटा राउटर लावायचा. खर्च किरकोळ, फरक मोठा.

दुसरं, पर्यायी नेट. फायबर बंद पडलं तर मोबाइलवर चालवू, असं सगळे म्हणतात. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं घेतली तरी दोघांचे अँटेना पुष्कळदा एकाच टॉवरवर असतात. त्या टॉवरची लाईट गेली की बॅटरी किंवा जनरेटर चालेल तोपर्यंत दोन्ही चालू, आणि मग दोन्ही बंद. त्यामुळे वाडीतल्या कोणाला तरी विचारा की लाईट गेल्यावर कोणाची रेंज शेवटपर्यंत टिकते. ते सिम घ्या, दुकानदार सांगेल ते नव्हे. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण एक जीबी जातो, त्या हिशोबाने रिचार्ज.

इन्व्हर्टरला १५० एएचची एक ट्युब्युलर बॅटरी लावली आणि त्यावर लॅपटॉप, स्क्रीन, राउटर आणि एकच पंखा ठेवला, म्हणजे दीडशे वॅटच्या आसपास, तर सात-आठ तास निघतात. फ्रिज आणि मिक्सर त्या लाइनवर चुकूनही नको. सोलर बसवायचा विचार असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्या. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं आणि बिल कमी होतं, पण साधा ग्रिडला जोडलेला संच लाईट गेली की स्वतःही बंद होतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती व्यवस्था असते. लाईट गेल्यावरही चालायला हवा असेल तर बॅटरीवाला हायब्रिड संच लागतो आणि त्याचा खर्च वेगळा.

विजेचा मार दोनदा असतो, पावसाआधी वळवाच्या दिवसांत आणि पुन्हा परतीच्या पावसात. फायबरची काच वीज वाहून आणत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण राउटरचा अडॅप्टर प्लगमध्येच असतो. गडगडाट सुरू झाला की प्लग उपसायचे, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि अर्थिंग तपासून घ्या. आपल्याकडचा जांभा उन्हाळ्यात कोरडा ठक्क होतो, मग अर्थिंग नावापुरतंच उरतं. कोळसा-मीठ घालून खड्डा नीट करून घ्यावा आणि एप्रिल-मेमध्ये त्यात अधूनमधून पाणी ओतावं.

एवढं करूनही काही दिवस असे येतात की काहीच चालत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातल्या कित्येक गावांत लाईट यायला आठवडे लागले. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा वेळी घरातला इन्व्हर्टर कामाचा नाही, दुसरी जागा लागते. तुमच्या बाबतीत राजापूर बाजारपेठ त्यासाठी धरू नका, अर्जुना नदीचं पाणी जवाहर चौकात येतं हे तुम्ही लहानपणापासून पाहिलं असेल. रत्नागिरीत एखाद्या नातेवाइकाकडे टेबल-खुर्चीपुरती जागा बोलून ठेवा. कोल्हापूरच्या भरवशावर राहू नका, अणुस्कुरा घाटात दरड आली तर तो रस्ताच बंद.

आता जे पैशाने सुटत नाही ते.

आमच्या टीममध्ये मालवण तालुक्यातली एक मुलगी आहे, लग्न होऊन तिथे गेलेली. काम चोख. घरात तिला स्वतंत्र खोली, दार लावून बसायची. एके मे महिन्यात दुपारी ती एका हॉस्पिटलच्या माणसाशी कॉलवर होती आणि एकाएकी अंधारून आलं. खळ्यात कोकमाची सोलं वाळत घातलेली, आंब्याच्या साठांची ताटं उन्हात, वर्षभराच्या फोडलेल्या लाकडांवर झाकण नाही. सासूबाई, सासरे, शेजारची पोरं, सगळे धावत सुटले. दारावर थाप पडली, "गो, पाऊस इलो, सोला भिजतली!" आता सांगा, त्या घडीला दाराआड खुर्चीत बसून राहणारी सून घरच्यांना कशी दिसेल? सासूबाई वाईट नाहीत, उलट प्रेमळ. पण वर्षाची सोलं डोळ्यांसमोर भिजत असताना घरातलं एक धडधाकट माणूस संगणकापुढे बसून आहे, हे त्यांच्या हिशोबात बसूच शकत नव्हतं. आणि कॉलवरच्या माणसाच्या हिशोबात सोलं बसत नव्हती.

त्यावर त्या दोघींनीच जो मार्ग काढला तो मी आता गावी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. वाडीत चुलतसासऱ्यांचं घर बंद होतं. कोकणातल्या कोणत्याही वाडीत अशी चार-पाच घरं निघतातच, चाकरमानी गणपतीला आणि मे महिन्यात उघडतात, एरवी कुलूप. त्यातली पुढची खोली तिने झाडून घेतली, वायर तिकडे ओढली. आता ती सकाळी नऊला डबा घेते, चपला घालते आणि जाते. अंतर पन्नास पावलांचं. पण ती घरातून गेली हे घरातल्यांना दिसतं, आणि संध्याकाळी आली हेही दिसतं. सासूबाई आता शेजारणीला सांगतात की सून कामावर गेलीय. चुलतसासरेही खूश, कारण घर वापरात राहिलं की फुटलेलं कौल वेळेवर कळतं, वाळवी चढत नाही, ओल धरत नाही.

तुमच्या वाडीत असं घर बघा. फक्त एक काळजी घ्या. बंद घर बहुधा एकाच्या नावावर नसतं, सातबाऱ्यावर आणि घरपट्टीवर भावकीतली पाच-सहा नावं असतात. सगळ्यांना फोन करून विचारा, लाईटबिल कोण भरणार ते ठरवा, आणि साध्या कागदावर का होईना लिहून घ्या. मुंबईत बसलेल्या एका काकांना उगाच वाटलं की हा घर बळकावतोय, तर तुमच्या नोकरीपेक्षा मोठं प्रकरण उभं राहील.

तुमच्या प्रश्नात पत्नीचा उल्लेख एका ओळीत आहे. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुण्यात तुम्ही दोघं घरून काम करता तेव्हा घरात तिसरं मोठं माणूस नसतं. गावी सासू-सासरे असतील, येणारे-जाणारे असतील, आणि पाहुणा आला की चहाला हाक कोणाला जाईल हे तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही लॅपटॉपपुढे बसलात तर ‘तो कामात आहे’, त्या बसल्या तर ‘घरीच तर आहे’. हा फरक मी जवळपास प्रत्येक घरात पाहिलाय, शिकलेल्या, समजूतदार घरांतही. पत्नीच्या कामाच्या तारखाही हलत नाहीत. जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या दर महिन्याच्या ११ आणि २० तारखा, पगारदारांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांची ३१ जुलै, म्हणजे ऐन झडीत. म्हणून आईवडिलांशी बोलणं तुम्ही करा, पत्नीवर टाकू नका. आणि नुसतं ‘तिलाही काम असतं’ असं सांगून चालणार नाही. किती ते किती, त्या वेळात चहा कोण करेल, दुपारचं जेवण किती वाजता, स्वयंपाकाला बाई लावायची का, इतकं उघड बोला. आई दुखावेल या भीतीने हे पुढे ढकलाल तर पहिल्या शिमग्यापर्यंत दोघीही दुखावलेल्या असतील.

गावाचाही तुमच्यावर हक्क असतो, आणि तो असावा असं माझं मत आहे. वाडीत मयत झालं तर लॅपटॉप मिटायचा आणि जायचं. पालखी दारात येते त्या दिवशी घरात माणूस हवं. मॅनेजरला हे आधीच सांगून ठेवलं की काही अडत नाही, ऐनवेळी कळवलं की अडतं. गणपतीची रजा एप्रिलमध्येच टाका आणि बदल्यात दिवाळीत तुम्ही काम सांभाळाल असं टीमला सांगा. तुमच्या पुण्याच्या टीममध्ये कोकणातले तुम्ही एकटेच असाल, तर हा सौदा सगळ्यांना आवडेल.

आता ऑफिसची बाजू. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने केलेला प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो, २०१५ साली तो छापून आला. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडून जाणारे निम्म्यावर आले. घरून काम हवं असणारे लोक हा आकडा दाखवतात आणि तिथेच थांबतात. त्याच प्रयोगात दिसलं की काम तितकंच चांगलं असूनही घरी बसलेल्यांना बढती कमी मिळाली. प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितलं तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी आपलं आधीचं मत बदललं, आणि ऑफिसात परतणाऱ्यांनी सांगितलेलं मोठं कारण होतं एकटेपणा. आणखी एक: त्यात भाग घ्यायला घरी स्वतंत्र खोली आणि नोकरीत किमान सहा महिने झालेले असणं ही अट होती, आणि आठवड्यातला एक दिवस ते ऑफिसात येतच होते. म्हणजे तो फायदाही स्वतंत्र खोली असलेल्यांचा, काम शिकलेल्यांचा आणि अधूनमधून तोंड दाखवणाऱ्यांचा.

आमच्याकडेही हेच दिसतं. म्हणून गावातली मुलं पदवी घेऊन आली आणि म्हणाली की मला थेट घरूनच नोकरी हवी, तर मी त्यांना सांगतो, आधी दोन-तीन वर्षं शहरात जा. शेजारच्या टेबलावरचा माणूस ग्राहकाशी कसा बोलतो, चूक झाली की वरिष्ठ काय करतात, हे खुर्चीला खुर्ची लावून कळतं, कॉलवर कळत नाही. तुमची बारा वर्षं झालीत, तो टप्पा तुम्ही ओलांडलाय. तुमचा धोका वेगळा. चांगलं काम मिळत राहील, पण नवीन प्रकल्प सुरू होताना ज्यांची नावं पटकन आठवतात त्यात तुमचं नाव उरणार नाही.

त्यावर उपाय दोन. दर शुक्रवारी मॅनेजरला पाच-सहा ओळी लिहायच्या: काय पुरं झालं, काय अडलं, पुढच्या आठवड्यात काय. फुशारकी नको, पण गाळूही नका. आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा पुण्याला जायचं, कामाची मिटिंग नसली तरी. रस्त्याने सात-आठ तास धरा, पावसात जास्त. रात्रीच्या गाडीने गेलात तर दोन पूर्ण दिवस मिळतात. हा खर्च आणि ही दगदग गावी येण्याच्या किमतीतच धरायची. आणि तुम्ही राजापुरात राहताय हे मॅनेजरला स्पष्ट माहीत असू द्या. पुण्यातच आहे असं भासवून गावातून काम करणाऱ्यांचा पहिल्या पावसातच बोजवारा उडतो, आणि मग चिडायचं कारण नेट राहत नाही, खोटेपणा राहतो.

परवानगी लेखी घ्या. तोंडी परवानगी देणारा मॅनेजर बदलला की ती संपली. टीसीएससारख्या कंपनीने २०२० साली जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी चारातला एकच माणूस ऑफिसात लागेल, आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्यांनीच पाच दिवस ऑफिसात बोलावलं. मोठ्या कंपनीचं धोरणही तीन वर्षांत उलटं फिरू शकतं. त्यामुळे कामाचं ठिकाण म्हणून पत्रावर काय लिहिलंय, परत बोलावायचं झालं तर किती दिवसांची मुदत, आणि गावी आल्याने पगार कमी करणार आहेत का, हे तीन मुद्दे एचआरकडून ईमेलवर मागवा.

पैशांचं फार लिहीत नाही. पुण्याचं भाडं वाचतं हे खरं, पण गाडी लागते, इन्व्हर्टर लागतो, ये-जा असते, आणि जुन्या घराची दुरुस्ती दर वर्षी काहीतरी काढतेच. नवीन करपद्धतीत असाल तर घरभाडे भत्त्याची सूट मुळातच नाही. जुन्या पद्धतीत असाल तर ती जाईल. घर वडिलांच्या नावावर असेल आणि तुम्ही त्यांना खरोखर, बँकेतून भाडं देत असाल तर ती मिळू शकते, पण ते भाडं त्यांच्या उत्पन्नात दाखवावं लागतं.

फायदा काय, हे तुम्ही विचारलंत आणि मी अजून तोटेच लिहितोय. फायदा एकच सांगतो, कारण माझ्या मते बाकीचे त्यापुढे लहान आहेत. आईवडील म्हातारे होत असताना तुम्ही तिथे असता. वडिलांची बीपीची गोळी संपलीय हे फोनवर कळत नाही, रात्री जेवताना ताटाशेजारी रिकामं पाकीट दिसतं तेव्हा कळतं. आई जिन्यावरून उतरताना भिंत धरते हे गणपतीच्या गर्दीत दिसत नाही, साध्या मंगळवारी दिसतं. आमच्या टीममधल्या एकाने वडिलांची बोलताना जीभ जड झालेली ऐकली आणि त्याच तासात त्यांना गाडीत घालून नेलं. मुंबईहून फोन केला असता तर वडील म्हणाले असते, काही नाही, झोप झाली नाही. तुमच्या भागात मोठा इलाज रत्नागिरी किंवा कोल्हापूरला, म्हणजे अंतर आहेच. १०८ चा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये हवा. पण अंतर असलं तरी घरात गाडी चालवणारा माणूस असणं ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र बँक, रेशन, बाजार, डॉक्टर, सगळं तुमच्याच अंगावर येईल, म्हणून बाहेरच्या कामांना एक दिवस ठरवा. माझ्याकडे शनिवार आहे आणि घरात तो सगळ्यांना पाठ झालाय.

दिवसाचा शेवटही ठरवा. गावी संध्याकाळी जायला सिनेमा-हॉटेल नाही, म्हणून माणूस लॅपटॉपपुढेच बसून राहतो आणि रात्री दहाला मेल पाठवतो. दिवेलागणीला लॅपटॉप मिटायचा. अमेरिकेच्या वेळेचे कॉल असतील तर आठवड्यातले दोनच दिवस ठेवा आणि त्या दिवशी सकाळ मोकळी घ्या.

मुलीची शाळा: जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक चांगले असतील तर मी बिनधास्त तिथेच घालेन, पण पट किती आहे ते बघा. वर्गात दोनच मुलं असतील तर तिला खेळायला सोबत मिळणार नाही. पाचल किंवा राजापूरच्या शाळेत घालायची असेल तर व्हॅनचा रस्ता पावसात कसा असतो, वाटेत साकव पाण्याखाली जातो का, हे त्याच रस्त्यावर राहणाऱ्याला विचारा.

आता कसं करायचं ते. तिची पहिली यंदा पुण्यातच होऊ द्या आणि पुण्यातलं घर सोडू नका. जुलैमध्ये तुम्ही एकटे या, तीन-चार आठवडे, सुट्टी न घेता, रोजच्या वेळेत काम करत. लावणी चालू असेल, लाईट जात असेल, पाऊस झडीसकट पडवीत येत असेल, सगळं खरं दिसेल. त्यातले आठ-दहा दिवस पत्नीनेही इथे राहून, आपली कामाची वेळ पाळून बघावं, मुलीची शाळा थोडी बुडाली तरी चालेल. गणपतीत सगळे भाऊबंद गावात असतात, तेव्हा बंद घराचं बोलणं करून घ्या. मग तुम्ही दोघांनी पुण्याला परत जाऊन ठरवा, गावात बसून नव्हे. हो ठरलं तर सामान एप्रिलअखेर हलवा, म्हणजे कौलं परतणं, अर्थिंग आणि वायरिंग पावसाआधी उरकेल आणि मुलगी जूनमध्ये सगळ्यांबरोबर दुसरीच्या वर्गात बसेल.